उजवा पीळ

परीक्षक अनुपमा मॅडम चिखलीपर्यंत पोचल्याचा फोन आला, आणि इकडे बुलढाण्यात आमच्या कॉलेजात पायलचं मॉडेल काही केल्या जुळेना. माझं डोकंच फिरलं. एमएस्सीच्या पोरीनं परीक्षेला खेळणी आणावीत हे मला आधीच पटलं नव्हतं. पण मार्गदर्शक मीच. शिवाय आजच्या परीक्षेवर तिची संशोधनाची जागा ठरणार होती.

तिचे वडील जानराव साखरखेर्ड्याला दोर वळायचे; आज तेही तिच्या आईसह आले होते. त्यांनी दोन जाड दोर एकमेकांत पिळून डीएनएचा कणा केला होता. कण्यावर ऋण भार असतात, तिथं पायलनं नटाखाली घालतात ते लोखंडी वायसर ओवले होते. प्रथिन म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चित्राबरहुकूम कोरलेला लाकडाचा तुकडा, त्यावर धन भारांच्या जागी चुंबकं.

"सर, ओढून तर राह्यलं, पण बसून नाही राह्यलं," पायल रडवेली झाली.

मी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. डीएनएचा पीळ उजवा. जानरावांनी हाताच्या सवयीनं घातला होता डावा!

"मंग हे पयलेच काऊन नाही सांगतलं?" म्हणत जानरावांनी दोर उकलला.

उलटा पीळ घातला, पण हात काढला की दोर गरकन उकलायचा. शेवटी एक टोक जानरावांनी धरलं, दुसरं पायलच्या आईनं, चांगुणाबाईंनी. तेवढ्यात मॅडम आल्याच.

तुकडा दोन दोरांमधल्या खाचेत टक्कन बसला. "प्रथिन इथं डीएनएची अक्षरं वाचत नाही," पायल म्हणाली, "कण्यालाच धरतं. विरुद्ध भार ओढतात."

"मग भार पुरे की. आकार कशाला हवा?" मॅडमनी विचारलं.

मी उत्तर सुचवायला पुढे सरकलो. पायल मात्र हसली. "बाबा, सोडा!"

दोर भिरभिरला आणि तुकडा सटकून एका वायसरला लोंबकळत राहिला.

"भार तेवढेच आहेत, मॅडम. पीळ बदलला, खाच बदलली, पकड गेली. भार जवळ आणतो, पण धरून ठेवायला आकारही जुळावा लागतो."

"पुन्हा दाखव," म्हणत मॅडमनी चांगुणाबाईंच्या हातून टोक स्वतःच घेतलं. तुकडा पुन्हा बसला, तशा त्या दोर ताणून धरतच म्हणाल्या, "जुलैपासून माझ्याकडे संशोधनाला ये. आणि हे मॉडेल घेऊन ये."

"मंग दोर धराले आमी बी येऊ का?" जानरावांनी अगदी मनापासून विचारलं.

मला इतका आनंद झाला, की पडलेली चुंबकं वेचायचं निमित्त करून मी टेबलाखाली शिरलो. खाली एकही चुंबक नव्हतं.