दहाव्या धड्यातला आवाज

मी एक जुना संगणक आहे. शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या मध्ये, भिंतीकडे तोंड करून मला ठेवले आहे. शिक्षा झाली, पण गुन्हा काय ते कोणी सांगितले नाही. मित्रांनो, घाबरू नका, पण माझ्या पोटात एका बाईंचा आवाज आहे आणि त्या बाई आता या जगात नाहीत.

मी नवा होतो तेव्हा माझा थाट काही औरच होता. माझ्यापुढे बसायला मिळावे म्हणून मुलांची भांडणे होत. मुलांना वाचायला शिकवणे हे माझे काम. पडद्यावर एक वाक्य येई. ते वाचायचे आणि खालच्या चित्रांतल्या जुळणाऱ्या चित्रावर टिचकी मारायची. धडा सुरू होताना हेडफोनमधला आवाज काय करायचे ते सांगे आणि चुकले की म्हणे, "पुन्हा वाच बाळा. घाई नाहीये." धडा पुरा झाला की त्या मुलासाठी तो बंद होई आणि पुढचा उघडे.

तो आवाज पहिलीच्या बाईंचा. शाळा सुटल्यावर माझ्यासमोर बसून त्यांनी एकेक धडा माझ्यात भरला. सोबत त्यांची छोटी मुलगी असे. तिची सारखी लुडबुड चाले, म्हणून त्या तिला मुंगी म्हणत. दहाव्या धड्याच्या अगदी शेवटच्या वाक्याला मुंगी रडू लागली. बाई बोलता बोलता म्हणाल्या, "थांब गं मुंगे, आई इथेच आहे." तेही माझ्यात उतरले. दुसऱ्या दिवशी ते कापायचे ठरले होते, पण बाई पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. आजाराने त्यांना नेले. अकराव्या धड्यापासून पुढे, मला शाळेत बसवून देणाऱ्या माणसाने आपलाच आवाज दिला. तो वाचतो की आगगाडीच्या वेळा सांगतो, मला आजही कळलेले नाही.

पुढे हेडसर बदलले, शिक्षक बदलले. हा आवाज कोणाचा, हे सांगणारे शाळेत कोणी उरले नाही. कापायचे राहिलेले ते बोलणे तर कोणी ऐकलेच नाही, कारण शेवटच्या वाक्याला चुकले तरच ते वाजे. आणि ते वाक्य होते, 'मांजर खुर्चीखाली झोपले आहे.' तिथे कोण चुकणार?

मग मुंगी पहिलीत आली. हेडफोन कानाला लावून पहिलाच शब्द ऐकला आणि तिने मागे वळून पाहिले. मागे नुसती भिंत होती. मित्रांनो, मी यंत्र असूनही त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

ती भराभर वाचत दहाव्या धड्याच्या शेवटाला पोचली. घाईत हात घसरला आणि खुर्चीवरच्या मांजरावर टिचकी पडली. "पुन्हा वाच बाळा. घाई नाहीये. थांब गं मुंगे, आई इथेच आहे."

तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. मग तिने तेच चुकीचे चित्र पुन्हा दाबले. त्या दिवसापासून ती रोज येई आणि रोज तिथेच चुके. बाकीची मुले कुठल्या कुठे गेली. वर्गाच्या नव्या बाईंनी तिला समजावून पाहिले, रागावून पाहिले, शेवटी कपाळाला हात लावला. मला सगळे माहीत होते, पण मी तोंडात मूग गिळून बसलो. यंत्राला स्वतःचे तोंड कुठे असते?

या नव्या बाईंनी तिच्या बाबांना बोलावून घेतले. ते शिंपी होते. बाहीला चिकटलेले दोरे घेऊनच आले.

"अहो, ही दहाव्या धड्यापुढे सरकतच नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी परत पहिलीतच बसवावं लागेल."

"घरी तर रिळावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचते, बाई."

"मग इथे काय होतं? तुम्हीच बघा."

मुंगी हेडफोन सोडायला तयार नव्हती. बाबांनी तो हळूच काढून आपल्या कानाला लावला. तिने खाली मान घालून खुर्चीवरचे मांजर दाबले.

ऐकून बाबांनी स्वतःच हात पुढे केला आणि तेच मांजर दाबले. मग पुन्हा दाबले.

"अहो, तुम्हीपण?" बाई म्हणाल्या.

"ती चुकत नाहीये, बाई. आतमध्ये तिची आई बोलतेय."

बाईंनी हेडफोन घेतला, तेच चित्र दाबून ऐकले आणि त्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या. तेव्हा मुंगी पहिल्यांदा बोलली.

"बरोबर केलं की आई बंद होते."

बाईंनी तिला जवळ घेतले. "नाही होणार बंद. तू म्हणशील तेव्हा मी हा धडा उघडून देईन. बाबांच्या फोनमध्येही घालून देते. मग तर झालं?"

मुंगीने खूप वेळ विचार केला आणि खुर्चीखालच्या मांजरावर टिचकी मारली. अकरावा धडा उघडला. तो कंटाळवाणा आवाज सुरू झाला. तिने सगळा धडा बिनचूक वाचला. फक्त प्रत्येक वाक्यानंतर ती एकदा मागच्या भिंतीकडे बघत होती.

बाईंनी शब्द पाळला. मुंगी शिकली, मोठी झाली, दुसऱ्या शाळेत गेली. नवी यंत्रे आली आणि मी इथे आलो. इथे वीज नाही. तरी धुळीत बसल्या बसल्या मला वाटते, आत कोणीतरी श्वास घेऊन थांबले आहे, कोणी चुकण्याची वाट बघत.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यात कोणी राहून तर गेले नाही ना, एवढे बघत जा. परवा भंगारवाला मला उचलून, वजनाचा अंदाज घेऊन गेला आहे. तो परत येण्याआधी तुमच्यापैकी कोणी आलेच, तर मला वीज असेल तिथे नेऊन एकदा सुरू करा. दहावा धडा उघडा. शेवटपर्यंत नीट वाचत या आणि मग मांजर खुर्चीवर आहे, असे सांगा.