पशुपतिनाथानं गिळलेली दहा मिनिटं

काठमांडूच्या घंटाघराखाली आमचे चाळीस कोल्हापूरकर डावा हात वर करून उभे होते. हात वर, मान वर, तोंड उघडं. येणारेजाणारे नेपाळी थांबून बघत होते आणि ही भारतातली एखादी पूजा असावी अशा समजुतीनं नमस्कार करून पुढं जात होते.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. पशुपतिनाथ आणि लुंबिनीच्या यात्रेतली परदेशातली ती पहिलीच सकाळ. मी पद्मजा, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. आदल्या दिवशी घाटातल्या वळणांनी माझ्या पोटात काही ठेवलं नव्हतं, म्हणून धर्मशाळेतून सगळ्यांच्या मागून, भिंतीला धरत बाहेर आले. बघते तर हा तमाशा.

"काय झालं हो तात्या?" मी विचारलं. तात्या राधानगरीचे. गळ्यात कायम ट्रान्झिस्टर.

"बाई, चमत्कार! वर बघा आन् हितं बघा!" त्यांनी मनगट माझ्या नाकापुढं धरलं. घंटाघरात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. तात्यांच्या घड्याळात आठाला पाच कमी. "सगळ्यांची घड्याळं बरोब्बर धा मिनिटं मागं! एक न्हाय, दोन न्हाय, सगळी!"

पायरीवर यात्रेचे म्होरके यज्ञेश्वरबुवा उभे होते. कफनी नवीकोरी, आवाज लिलाववाल्याचा. "भक्तहो! काल या भूमीवर पाय ठेवलात आणि महाकाळानं तुमच्या आयुष्यातली पापाची दहा मिनिटं गिळली! काळ गिळला, कर्म गिळलं, रोग गिळला! माझं घड्याळ बघा. वरच्याशी काट्याला काटा! का? माझ्याकडं गिळण्यासारखं पापच नाही!"

"व्हय महाराज!" चाळीस गळे ओरडले.

"पाप लागलेली घड्याळं झोळीत टाका, शुद्ध करीन. आणि औषधं बागमती नदीत सोडा. रोग गेल्यावर औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास!"

झोळी भरत चालली होती. हंबीररावानं, आमच्या गल्लीतल्या पैलवानानं, आपलं गजराचं घड्याळसुद्धा तिच्यात टाकलं. मला हसू आवरेना. पण मग त्याची आई दिसली आणि माझं हसू तिथल्या तिथं जिरलं.

त्याची आई म्हणजे सीताकाकू, माझ्या शेजारच्या. साखरेचा जुना आजार. रोज सकाळी खाण्याआधी इंजेक्शन, आणि ते चुकलं तर जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. त्यासाठीच तर आठाचा गजर. औषधाची बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून काकूंनी कोल्हापुरापासून जपत आणली होती. आता तोच थर्मास छातीशी धरून त्या नदीला जायला रिक्षा शोधत होत्या.

"काकू, कुठं निघालात?"

"सोडायला. सुटले गं पद्मा. सुया टोचून टोचून दंडाची चाळण झालीया." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अहो, ही नेपाळची वेळ आहे!" मी ओरडलेच. "आपण पूर्वेला आलोय. इथं सूर्य आपल्या आधी उगवतो. प्रत्येक देश आपली वेळ ठरवतो, आणि यांची आपल्या दहा मिनिटं पुढं आहे. कुणी काही गिळलेलं नाही!"

"म्हणजे काय बाई, सरहद्दीवर सूर्य उडी मारतो होय?" बुवा म्हणाले. हशा पिकला.

"सूर्य मारत नाही, सरकारं मारतात. तात्या, दिल्ली लावा, आठच्या बातम्या. बुवांचं खरं असेल, तर बातम्या मघाशीच सुरू झालेल्या असणार. माझं खरं असेल, तर तुमच्या मनगटावर आठ वाजले की लागतील. काकू, तेवढं थांबा. माझं खोटं ठरलं तर मी स्वतः तुम्हाला नदीवर नेते."

तात्यांनी बटण फिरवलं. खरखर, शिट्ट्या, आणि मग एक भजन. वर आठ वाजून नऊ मिनिटं झाली तरी भजन चालूच.

"आजून बातम्या न्हाईतच की," तात्या पुटपुटले. बुवांनी डोळे मिटून घेतले.

भजन संपलं. टूं, टूं, टूं झालं आणि रेडिओतून आवाज आला, "ये आकाशवाणी है." त्याच क्षणी बुवांची झोळी खणखणा वाजायला लागली! हंबीररावाचा गजर. साप निघाल्यासारखे बुवा उडाले आणि झोळी खाली पडली. घड्याळं रस्ताभर. जे उचलावं त्यात आठ.

"रेडिओलाही महाकाळानं धरलं!" बुवा ओरडले.

"बातम्या देणारा दिल्लीत बसलाय, बुवा. तो कुठं आलाय यात्रेला?"

हंबीरराव कपाळाला आठ्या घालून उभा होता. "आयला! काल सरहद्दीवर, बिरगंजच्या नाक्यावर ह्यो बाबा शिपायाला टाइम इच्यारून काटं फिरवत हुता. मी शेजारीच हुतो की!"

"चावी देत होतो मी," बुवा म्हणाले.

"चावी द्यायला शिपाई कशाला लागतोय?"

बुवांना ध्यानाची वेळ आठवली. ती मात्र कुठल्याच घड्याळात नव्हती. लोक रस्त्यावर वाकून आपापली घड्याळं शोधू लागले. तात्या हळूच माझ्याजवळ आले. "बाई, धा न्हाय तर न्हाय. पाच मिनिटं तरी देवाची धरायला काय हरकत हाय?"

काकू पायरीवर बसल्या होत्या. "मग माझी साखर?"

"आहे तिथंच आहे, काकू."

त्यांनी थर्मास उघडून पोराच्या हातात दिला आणि दंड पुढं केला. हंबीररावानं सुईत औषध भरलं. सुई टोचली तशा त्या माझ्यावर रागावल्या. "घटकाभर बरी झाल्ते गं मी," म्हणाल्या, आणि रडल्या.

दुखणाईत माणसाची आशा मोडायला कुणाला आवडतं? पण ती आशा तिला नदीत औषध टाकायला लावत होती, आणि त्याचं पाप महाकाळानं गिळलं नसतं, ते आम्हा सगळ्यांच्या माथी बसलं असतं. म्हणून सांगते, देवाला खुशाल हात जोडा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर आधी तपासा, चार जणांना विचारा, आणि खात्री होईपर्यंत औषधाची बाटली हातातून सोडू नका.