हरिओमरावांनी नाकारलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, उंच छताची, पांढरी मोटारगाडी आहे. रूप म्हणाल तर पावाच्या पेटीला चाकं लावावीत, तसं. मला त्याची कधी लाज वाटली नाही. ज्याला वाटली, त्याचीच ही गोष्ट.

कारखान्यात तर सगळ्याच गाड्या जन्मतात. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते नांदेडच्या एका शोरूममध्ये, तनुजाताईंनी माझं दार उघडलं तेव्हा. त्यांचे यजमान हरिओमराव बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. आज हिमायतनगर, उद्या देगलूर, अशी भिंगरी पायाला. आणि उंची सव्वासहा फूट! जुन्या गाडीत मान वाकडी करून बसायचे आणि घरी आले की पाठ धरून कण्हायचे.

“मॅडम, ही लेडीज लोक घेतात,” विक्रेता म्हणाला. “साहेबांना ती काळी शोभून दिसंल. दांडगी हाय.”

ताईंनी यजमानांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळून चांगला फेटा बांधला आणि त्यांना दोन्ही गाड्यांत बसवलं. त्या दांडग्या गाडीत फेटा छताला लागून कपाळावर उतरला. माझ्यात फेट्यावरही चार बोटं जागा उरली. शोरूममधली माणसं खुदुखुदु हसू लागली.

“हसा,” ताई म्हणाल्या. “पाठ तुमची न्हाई, ह्यांची दुखते.”

पहिल्याच फेरीत हरिओमरावांनी इस्लापूरच्या फाट्यावर मला थांबवलं आणि घरी फोन लावला. “तनुजा, पाठ दुखून न्हाई राहिली बघ! लई बेस गाडी निवडलीस.” मी हरखून गेले. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांना खड्ड्याखळग्यांतून, रणरणत्या उन्हातून नेलं आणि कधी कुरकुर केली नाही.

पण चहाच्या हॉटेलात दोस्तमंडळी टपलेलीच. “काय हरिओम, बायकांची गाडी घेऊन फिरून राहिला का?” आधी ते हसून सोडून द्यायचे. मग मला हॉटेलच्या मागे लावू लागले. मला वाटायचं, सावली शोधत असतील. किती भोळी होते मी!

त्यांच्या धाकट्या भावाचं, वीरेशचं लग्न देगलूरला होतं. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो. त्याला परण्या म्हणतात. वीरेशही भावासारखाच ताडमाड. ताईंनी सकाळपासून मला झेंडूच्या माळांनी सजवलं. तेवढ्यात चुलते व्यंकटराव अंगणात आले.

“नवरदेव अन् बायकांच्या गाडीत? लोक शेण घालतील तोंडात!”

सगळे हरिओमरावांकडे पाहू लागले. ताईही पाहत होत्या. ‘मी रोज हिच्यातच फिरतो’ एवढंच तर बोलायचं होतं.

“ही तनुजाची हाय, काका. मी कुठं बसतो हिच्यात!” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या माळा उतरवल्या. मग कुणाची तरी काळी गाडी आली. तिच्यात फेटा मावेना, म्हणून नवरदेव फेटा मांडीवर धरून बोडक्या डोक्यानं मारुतीला गेला. ताई माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्यानंतर मला विकायचं ठरलं. ठरवलं हरिओमरावांनीच. गाडी कागदोपत्री ताईंची, म्हणून सहीपुरतं त्यांनाही जुन्या गाड्यांच्या बाजारात आणलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं.

“बाईच्या हातची गाडी हाय,” दलाल म्हणाला. “एकदम जपून वापरलेली.”

“हाव,” हरिओमराव म्हणाले. “मी तर कधी बसलोबी न्हाई हिच्यात.”

माझ्या सीटला त्यांच्या अंगाचा खळगा पडलेला होता आणि हा माणूस माझ्याच दाराला टेकून असं बोलत होता!

ताईंनी हातातला पेन खाली ठेवला. “बसलाच न्हाई म्हणता, मग विकायचं तुमी कसं ठरवलं?”

“अगं, गिऱ्हाईकापुढं बोलावं लागतं तसं.”

“अन् देगलूरला कोण गिऱ्हाईक होतं?”

ताईंनी किल्ली घेतली आणि मला सुरू केलं. हरिओमराव सवयीनं दुसऱ्या बाजूनं आत बसायला आले. ताईंनी दार उघडलं नाही.

“तुमी बसत न्हाई ना हिच्यात? या मग ऑटोनं.”

मित्रांनो, मी आजही ताईंच्या दारात उभी आहे. विकली गेले असते तरी इतकं लागलं नसतं. गाड्या विकल्या जातातच. पण ज्याची पाठ सांभाळली, त्यानंच ओळख नाकारावी, हे अजून सलतं. तुम्ही गाडी धुवा, चाकांत हवा भरा, वेळच्या वेळी तेल बदला. पण जिच्यात ताठ मानेनं बसता, तिला चारचौघांतही आपली म्हणा. आणि तुमच्या सुखासाठी लोकांचं हसू झेलून ती जिनं निवडली, तिला तर चारचौघांत कधीच एकटं पाडू नका.