पाचव्या खाचेतली बंदूक

माझ्या पाचव्या खाचेतला नमदा बाकीच्या सात खाचांपेक्षा दोन मिलिमीटरने जास्त झिजला आहे. नमदा म्हणजे जाड लोकरीचे अस्तर. बंदुकीची नळी खाचेत टेकते तेव्हा तिला ओरखडा पडू नये म्हणून ते चिकटवलेले असते. इतर नेमबाज आपली बंदूक हळूच टेकवतात. पाचव्या खाचेत ठेवणारे मास्तर मात्र ती किंचित फिरवून बसवतात. तीस वर्षे, दिवसातून एकदा. दोन मिलिमीटर झिजायला एवढे पुरते.

मित्रांनो, मी नेमबाजीच्या मैदानावरची बंदुका ठेवायची जुनी मांडणी आहे. हवेत उडणाऱ्या तबकड्या फोडण्याच्या दुनळी बंदुका माझ्यात उभ्या राहतात. दस्ता खाली, नळ्या वर. सुताराने मला घडवले आणि लोहाराने समोरून एक पोलादी दांडी बसवली. ती आडवी पडून कुलूप लागले की माझ्यातली एकही बंदूक कुणाला काढता येत नाही. काम झाल्यावर सुताराने मला थोपटले आणि म्हणाला, "ही माझ्या नातवंडांनाही पुरेल." त्या कौतुकाने मी बरेच दिवस ताठ उभी होते. तसे मला दुसरे काही येतही नाही.

मास्तर म्हणजे इथले प्रमुख प्रशिक्षक. नियम त्यांनीच घालून दिला. बंदूक ठेवण्यापूर्वी ती मधल्या बिजागरीवर उघडायची, दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड बघायचा, मग ती दुसऱ्या माणसाला दाखवायची. त्याने स्वतः डोळा लावायचा आणि मोठ्याने "रिकामी" म्हणायचे. एकदा एका बड्या अधिकाऱ्याने कुरकुर केली. मास्तर हसून म्हणाले, "साहेब, बंदुकीला तुमचा हुद्दा वाचता येत नाही. उघडा."

पण मास्तरांची बंदूक कोण बघणार? सुरुवातीला ते स्वतःच दुसऱ्याला बोलावून दाखवत. पुढे समोरचा माणूस संकोचाने लांबूनच "रिकामी" म्हणू लागला. नंतर तेवढेही कुणी म्हणेनासे झाले.

त्यांची लेक माझ्या खोलीचे काम बघते. बंदुका पुसते, तेल देते, कोणती कधी बाहेर गेली ते लिहून ठेवते. माझ्या कुलपाची किल्ली मात्र मास्तरांच्या कमरेला असे. गेली चार वर्षे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, आणि ते मान्य करत नव्हते.

"या खेपेला तबकड्यांचा रंगच फिका आलाय," ते म्हणत.

"रंग तोच आहे, बाबा. आणि खोकंही मागच्याच खेपेचं आहे."

"मग ऊन फिकं असेल."

"बाबा, डॉक्टरांकडे चला. आणि तोवर किल्ली माझ्याकडे द्या."

"मोसम संपला की बघू."

असे चार मोसम संपले.

त्या दिवशी दुपारी तबकड्या उडवणारे यंत्र मध्येच अडकले आणि सराव थांबला. मास्तर खोलीत आले. त्यांनी बंदूक उघडून खिडकीकडे धरली, डोळा लावला आणि म्हणाले, "रिकामी. तू बघतेस का?"

लेक दुसऱ्या बंदुकीचा दस्ता पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमची काय बघायची, बाबा?"

बंदूक पाचव्या खाचेत आली. रोजच्यासारखी किंचित फिरली. तळाच्या फळीवर तिचा भार पडला आणि मी हादरले. तो रोजच्याहून साधारण ऐंशी ग्रॅमने जास्त होता. दोन काडतुसांचे वजन एवढेच भरते. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. दांडी आडवी पडली, कुलूप लागले. माझे कुलूप चोराला अडवते. आधीच आत आलेल्या चुकीचे ते काय करणार?

सकाळी मास्तरांनी दांडी उघडून दिली आणि ते यंत्राकडे गेले. झाडलोट करणाऱ्या मावशी फडके घेऊन आल्या. त्या रोज माझ्या वरच्या कडेची धूळ पुसतात. त्यासाठी नळ्यांच्या तोंडांवर वाकावे लागते.

"एवढं तेल या बंदुकांना देतेस," मावशी वाकून पुसता पुसता लेकीला म्हणाल्या, "त्यातलं चमचाभर स्वतःच्या डोक्याला लावलं असतंस, तर केस गुडघ्यापर्यंत आले असते."

त्यांची हनुवटी पाचव्या खाचेवर होती. खाली दोन भरलेल्या नळ्या. मी श्वास रोखावा तशी उभी होते.

मावशी पुढे सरकल्या. लेकीने हसत पाचवी बंदूक उचलली आणि उघडली. दोन पितळी बुडे किंचित वर आली आणि खिडकीच्या उजेडात चमकली.

तिचे हसू तिथेच थिजले. तिने काडतुसे काढून टेबलावर ठेवली. एक घरंगळले, ते मावशींनी सवयीने झेलले, आणि हातात काय आले ते त्यांना कळले.

"ही... आत्ता यात होती?"

लेकीने मान हलवली. मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या.

मित्रांनो, माझी देखभाल जरूर करा. झिजलेला नमदा बदला, दांडीला गंज चढू देऊ नका. पण जिच्याकडे बघायचा तुम्हाला संकोच वाटतो, ती बंदूक सगळ्यांत आधी बघा. आदर वेगळा आणि तपासणी वेगळी, एवढे मला तीस वर्षे उभी राहून कळले आहे.

तेवढ्यात मास्तर आत आले. "काय गं, एवढी शांतता कसली?" मग त्यांना टेबलावरचे पितळ दिसले. "कुणाची?"

"पाचवी," लेक म्हणाली.

"शक्य नाही. मी उघडून बघितली होती."

"हो, बाबा. तुम्ही बघितली होती. मी नव्हती बघितली."

"मास्तर," मावशी खालूनच म्हणाल्या, "मी रोज तिथं तोंड घालते हो. रोज."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी ती उघडी बंदूक लेकीच्या हातून घेतली, खिडकीकडे धरली आणि एका नळीतून, मग दुसऱ्या नळीतून खूप वेळ बघितले.

"रिकामी आहे का गं?" त्यांनी विचारले. या वेळी ते खरोखर विचारत होते.

लेक जवळ गेली. तिने दोन्ही नळ्यांना डोळा लावला, घाई न करता. "रिकामी."

"कालही मला असंच दिसलं होतं," मास्तर म्हणाले.

त्यांनी कमरेची किल्ली सोडवली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"ही तुझी. डोळे नीट होईपर्यंत मी थांबतो."