चूर्ण घेतलेल्या कोंबड्या

दिवस पहिला

करजण गावच्या पोल्ट्री शेडमध्ये मधे जाळी लावून दोन कप्पे पाडले. डावीकडच्या दोनशे पिलांना साधं खाद्य. उजवीकडच्या दोनशेंना तेच खाद्य, पण त्यात शरच्चंद्रांचं चूर्ण कालवलेलं: सुंठ, ओवा, बेलफळ, डाळिंबाची साल. बडोद्यातल्या नागरवाड्याच्या तीन पिढ्यांची पोटं या चूर्णावर निभावली होती. आता त्यांची पुतणी मोहना, कोंबड्यांची डॉक्टर, ते तपासून बघणार होती. हट्ट शरच्चंद्रांचा. माणसं भिडेखातर बरं वाटलं म्हणतात, कोंबडी म्हणणार नाही, असं त्यांचं म्हणणं. गेलेल्या बायकोचं नाव त्यांनी काढलं नाही. मोहनानेही नाही.

(निरुपमा. आठ महिने, रोज दोन चमचे. दवाखान्यात नेली तेव्हा गाठ यकृतापर्यंत पोचली होती. चूर्णात गुण असेल, तर आपण तिला निदान काहीतरी दिलं होतं.)

दिवस चोविसावा

डावीकडे विष्ठा पातळ, लालसर. खाली अंथरलेल्या तुसाचा चिखल. मोहनाने पाण्यात औषध सोडलं. उजवीकडे तूस कोरडं, पिसं चकचकीत, चोची खाद्यात. तरी इकडेही औषध द्यावं, साथ जाळीपाशी थांबत नाही, असं ती म्हणत होती.

शरच्चंद्र हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"माझ्या कोंबड्या तुझ्या औषधाला शिवणार नाहीत, बेटा. बघ, ठणठणीत आहेत."

ते हसू मोडणं मोहनाच्या जिवावर आलं. तिने बाटली पिशवीत ठेवली.

परतीच्या बसमध्ये बडोदे येईपर्यंत ते निरुपमाशी मनातल्या मनात बोलत होते.

दिवस एकतिसावा

उजवीकडे अकरा मेल्या.

दिवस बत्तिसावा

चाळीस.

दिवस तेहतिसावा

मोजणं सोडलं. मोहनाने एक कोंबडी उघडली. आतडं फुगलेलं, आत रक्ताच्या गुठळ्या. ती बराच वेळ हातमोजे काढत राहिली.

"रोग दोन्हीकडे बरोबरच आला होता, काका. डावीकडे दिसला."

"आणि इकडे?"

"चूर्णाने विष्ठा बांधून ठेवली." ती जमिनीकडे बघत म्हणाली, "दिसूच दिलं नाही."

जाळीपलीकडे डाव्या कप्प्यातल्या कोंबड्या खात होत्या.

त्यानंतरचा एक दिवस, ज्याला आकडा नाही

नागरवाडा. शेजारच्या वसुंधराबेन वाटी घेऊन दारात. चूर्ण संपलं म्हणाल्या. आजवर कुणालाच न विचारलेलं शरच्चंद्रांनी विचारलं. पोट कधीपासून दुखतंय?

"दुखतंय कुठे, भाऊ? तुमचं चूर्ण चालू आहे ना. काही कळतच नाही."

त्यांनी बरणी उचलली, मोरीत उपडी केली आणि वर पाणी ओतलं. आधी डॉक्टरकडे जा, आजच जा, असं काहीबाही ते बोलत होते. वसुंधराबेन मोरीतून वाहणाऱ्या तपकिरी पाण्याकडे बघत राहिल्या. मग रुसल्यासारख्या म्हणाल्या,

"निरुपमाला आठ महिने दिलंत. मला एक वाटी जड झाली?"