नाचणाऱ्यांपुढे गाणं

वरदा सतरा वर्षांची असताना, २००४ साली, तिचा पहिला अल्बम निघाला. कंट्री गाण्यांचा. इंग्लंडातल्या स्लाऊमध्ये वाढलेल्या मराठी मुलीने अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची ही गाणी का गावीत, हे तिच्या आईला कधी कळलं नाही. पण आवाजाबद्दल तिचीही तक्रार नव्हती. वरदा वरच्या सुरावर जाऊन थांबायची, न थरथरता, आणि मग अलगद खाली यायची. अल्बममधलं शेवटचं संथ गाणं तिने त्या उतरण्यासाठीच लिहिलं होतं.

कार्यक्रम मात्र मिळाले ते लाइन डान्सच्या क्लबांत. इंग्लंडात कंट्रीचे चाहते तिथेच भेटतात, असं सगळ्यांनी सांगितलं. तिचे बाबा, अंबरीश, हॉस्पिटलमधल्या ड्यूट्या बदलून घेऊन तिला गाडीतून न्यायचे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी ती क्रॉयडनच्या एका हॉलमध्ये गात होती. समोर साठेक माणसं, बहुतेक पन्नाशी उलटलेली, पायांत बूट, डोक्यावर हॅट. रांगा करून सगळी नाचत होती. ठरावीक पावलं झाली की सगळ्या रांगा एकदम वळायच्या आणि वरदाला नुसत्या पाठी दिसायच्या.

तिसऱ्या गाण्यानंतर क्लब चालवणारी मॉरीन स्टेजपाशी आली.

“छान गातेस. फक्त मध्येच थांबू नकोस. बत्तीस ठोके मोजले की आम्हाला वळायचं असतं.”

“मी कुठे थांबले?”

“ती वरची ओळ लांबवलीस ना. मागे दोघी एकमेकींवर आदळल्या.”

वरदाने ठरलेलं गाणं सोडलं आणि आपलं संथ गाणं धरलं. डोळे मिटून गायली. वरचा सूर लागला, ठरला, हवा तसा खाली आला. एवढा चांगला तो स्टुडिओतही लागला नव्हता. तिने डोळे उघडले, तर पुढची फरशी रिकामी होती आणि चहाच्या टेबलापाशी रांग लागली होती. फक्त बाबा टाळ्या वाजवत होते.

“दमली असशील, जरा बस,” मॉरीन म्हणाली. “तोवर सीडी लावते. सीडीवर ताल हलत नाही.”

सीडी वरदाचीच होती. दोन मिनिटांत फरशी पुन्हा भरली. स्टेजच्या पायरीवर बसून वरदा स्वतःचा आवाज ऐकत राहिली. संथ गाण्याची पाळी आली तेव्हा मॉरीनने बटण दाबून पुन्हा पहिलं गाणं लावलं.

गाडीत बाबा म्हणाले, “त्यांना आवडलं की. सगळे नाचत होते.”

“नाचले, बाबा. पण कोणी ऐकलं नाही माझं गाणं.”

“सुरुवात अशीच होते. आणि अजून चार कार्यक्रमांना मी हो म्हणून बसलोय.”

“मग तुम्ही जा. हॅट घालून.”

बाबांनी रेडिओ लावायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

पुढच्या महिन्यातला कार्यक्रमही मॉरीनकडेच होता. मंगळवारी शाळेतून आल्यावर वरदाने तिला फोन केला. मी येणार नाही, एवढंच सांगायचं तिने ठरवलं होतं. कारण विचारलं असतं, तर तेही सांगणार होती. सगळी वाक्यं तिने बसमध्ये जुळवून ठेवली होती.

“काही हरकत नाही गं,” मॉरीन मोकळेपणाने म्हणाली. “सीडी आहे ना आमच्याकडे.”

कारण तिने विचारलंच नाही. वरदाने फोन ठेवला आणि तिथेही नाही म्हणून कळवायला बाबांकडून उरलेल्या तीन क्लबांचे नंबर मागून घेतले.