आखाजीची दमणी

अडकित्ता कट् करून वाजला आणि ओसरीवरची शांतता मोडली. सुपारी कातरली म्हणजे रूपचंद शेठचं जेवण झालं. आता घरातल्यांनी तोंड उघडायला हरकत नव्हती. दाराआड जसोदा पदर सावरून उभी होती. आज तिला बोलायचं होतं.

शेठ तिचा सासरा. एके काळी शहाद्याच्या मोटारस्टँडवर भजी तळायचा. दारूबंदी आली आणि त्याचं नशीब फळफळलं. सातपुड्यातल्या भट्ट्यांवरची मोहाची दारू त्याच्या शब्दावाचून तापी ओलांडत नसे. फौजदार त्याच्या पंगतीला, पुढारी त्याच्या गादीवर. कुणाच्या लेकीचं लग्न अडलं की तांदळाचं पहिलं पोतं त्याचंच. लोक देवमाणूस म्हणत आणि त्याच्या दारावरून जाताना चपला हातात घेत.

जसोदेलाही तो आधी देवमाणूसच वाटला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकींनी माहेरी जावं, झोके घ्यावेत, गाणी म्हणावीत. पण सासू सोडत नाही म्हणून किती जणी चुलीपुढे डोळे पुसतात. हिचा सासरा मात्र आपण होऊन दमणी जुंपायला सांगे. छताची बैलगाडी, दोन्हीकडे पडदे, आत ढोपरभर गाद्या. रनाळ्याला पोचली की माहेरच्या बाया म्हणत, तुझ्यासारखं नशीब कुणाचं नाही गं.

मागल्या आखाजीला तापीच्या वाळूत चाक रुतलं, गाडी हिसकली आणि गादीखाली काहीतरी फुटलं. उग्र, आंबूस वास सुटला. चार वर्षांच्या बेबीचा परकर भिजला. जसोदेनं गादी उचलून पाहिली. खाली रबरी ट्यूबा, एकीला एक चिकटलेल्या, तट्ट फुगलेल्या, मेल्या ढोराच्या आतड्यांसारख्या. माहेरी निघालेल्या लेकीची गाडी नाक्यावरचे शिपाई तपासत नसत. आखाजीच्या दिवशी लेकीला खाली उतरवणं म्हणजे साऱ्या गावाचे तळतळाट. ते शेठला ठाऊक होतं. म्हणून तर ती माया. चार वर्षं त्यानं सुनेला दारूवर बसवून माहेरी धाडलं होतं, आणि ती त्याच लुगड्यानं आईच्या गळ्यात पडत होती.

गाडीवान मगननं तेव्हा मान वर केली नाही. पुढल्या साली लेकराला यावर बसवून गाडी हाकणार नाही, एवढंच तो म्हणाला. शब्दाचा पक्का निघाला. यंदा होळीनंतर त्यानं शेठला तसं तोंडावर सांगितलं आणि आठव्या दिवशी विहिरीत सापडला. पाय घसरला, असं शेठनं सांगितलं. तेच साऱ्यांनी सांगितलं. तेराव्याला शेठ स्वतः गेला. मगनच्या बायकोला, भिकुबाईला, लुगडं दिलं, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, मग पंगतीत बसून पाच लाडू खाल्ले आणि बोटांना लागलेलं तूप सावकाश चाटलं. जसोदा घरी येऊन मोरीत ओकली. त्या दिवसापासून त्या बोटांनी बेबीच्या वेण्या कुरवाळल्या की ती लेकीला मागच्या दारी नेऊन न्हाऊ घालायची. कारण नसताना डोकं का धुतेस, म्हणून पोर कुरकुरायची.

उद्या आखाजी. रनाळ्याला मोतीबिंदूनं अंधारलेली आई वाट पाहत होती. तरी जसोदा दाराआडून पुढे आली.

"मामा, यंदा मी माहेरले जात नही."

सून सासऱ्याशी थेट बोलली. घरात असं कधी झालं नव्हतं. तिचा नवरा शांतीलाल रिकाम्या ताटात बोट फिरवत राहिला. शेठ रागावला नाही. सुपारी गालात सारून हसला.

"नको जाऊ. बेबीले धाडूत. दोधू शे गाडीवर. आजीना घर जाई ती. एवढीशी पोर, तिले कोन आडावस?"

किती मायेनं बोलला. ती माया जसोदेच्या अंगावर शेवाळासारखी बुळबुळली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. शांतीलालनं हात धुवायला पाणी मागितलं.

पहाटे ती दमणीत चढली ती बेबीला मांडीवर घेऊनच. गादीला लेकीची टाचसुद्धा लागू द्यायची नाही, एवढंच आता तिच्या हातात होतं. ऊन चढलं, पायाला मुंग्या आल्या, मांड्या बधिर झाल्या. पोर सुटायला धडपडत होती आणि ही आवळून धरत होती.

तापीपलीकडच्या नाक्यावर नव्या गाडीवानानं, दोधूनं, बैल थांबवले. शिपायानं पडदा सारला, शेठची नात ओळखली, हसून तिच्या हातावर बत्तासा ठेवला. पण पडदा सोडला नाही. आज त्याला गप्पांची हौस होती.

बेबीनं बत्तासा गालात धरला आणि आईच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"माय, माले खाले बठू दे ना. खाले काय शे?"